बोरचें १९१२ चें टिपण आणि अणूची रचना

छापील निबंधांतील विषयक्रम हाच कर्त्याच्या विचारांचा क्रम असतो असें नाहीं, हें जुनीं दप्तरें चाळणाऱ्यांस सांगावयास नको. अणुरचनेच्या इतिहासांत याचें एक ठळक उदाहरण आहे.

प्रथम एक खुलासा. हा अणु वैशेषिकांचा परमाणु नव्हे. तो निरवयव, हा सावयव. शब्दसाम्यावरून पदार्थसाम्य कल्पूं नये.

इ. स. १९०४ त जे. जे. टॉमसन यांनीं धनविद्युतेच्या गोलांत इलेक्ट्रॉनांचीं वलयें फिरतात असें मानिलें. पुढें १९०९ त मँचेस्टर येथें गायगर व मार्सडन यांनीं प्लॅटिनमवर आल्फा कण सोडले, तेव्हां सुमारें आठ हजारांत एक माघारा आला. त्यावरून १९११ त रदरफर्ड यांनीं अणूचा विद्युद्भार मध्यबिंदूशीं एकवटला आहे असें प्रतिपादिलें. पण मग भोंवतालचे इलेक्ट्रॉन टिकतात कसे? ज्ञात गतिशास्त्र येथें निरुत्तर होतें.

नील्स बोर यांनीं १९१२ च्या उन्हाळ्यांत रदरफर्ड यांस एक टिपण लिहून दिलें. रोझेनफेल्ड यांनीं तें १९६३ त प्रसिद्ध केलें. त्यांत अणूच्या स्थैर्याचा व रेणूंच्या घडणीचा विचार आहे. वर्णपटाच्या रेषांचें नांवही नाहीं. उलट जुलै १९१३ त छापलेल्या निबंधांत हायड्रोजनच्या रेषा हाच मुख्य पुरावा! म्हणून क्रमिक पुस्तकें सांगतात कीं, बोर या रेषांचा उलगडा करण्यासच निघाले होते. टिपण नष्ट झालें असतें तर हें खोडावयास आधार फार थोडा उरता. छापून झालें कीं मसुदा बंबांत घालणाऱ्यांनीं याचा विचार करावा.

रेषा शिरल्या केव्हां? बामर यांचें १८८५ चें सूत्र पाहतांच सर्व उलगडलें, असें बोर पुढें सांगत. पण उत्तरकालीन आठवणीपेक्षां दिनांकित पत्र बलवत्तर. ता. ३१ जानेवारी १९१३ च्या पत्रांत, दृश्य रेषांच्या गणिताचा प्रश्न आपण हाताळीत नाहीं, असें ते रदरफर्ड यांस कळवितात, ता. ६ मार्चच्या पत्रासोबत तेंच गणित असलेला निबंध जातो. म्हणजे अवघे पांच आठवडे. येथें आठवण व पत्रें यांचा मेळ बसतो, हें विशेष.

रदरफर्ड यांचें उत्तर ता. २० मार्चचें आहे. आपण कोठें जाऊन थांबणार हें इलेक्ट्रॉनास आधींच कसें कळतें, ही त्यांतील शंका मार्मिक होती. निबंध लांबला, कांहीं भाग गाळूं काय, असेंही त्यांनीं विचारलें. बोर तडक मँचेस्टरला गेले व वाद घालून त्यांनीं मजकूर बहुतेक जसाच्या तसा राखला.