तांबड्या पेशीचं वय कसं मोजतात?

तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. हा आकडा सूक्ष्मदर्शकातून मिळाला असेल, असं अनेकांना वाटतं. पण दहा दिवसांची पेशी आणि शंभर दिवसांची पेशी काचेवर सारखीच दिसते. वय कळायचं, तर पेशीवर खूण करावी लागते.

ही खूण किरणोत्सारीच असते, हाही गैरसमज. १९४५ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या डेव्हिड शेमिन यांनी तीन दिवसांत ६६ ग्रॅम ग्लायसिन स्वतःच खाल्लं. त्यात नायट्रोजन-१५ होता. तो जड असतो, किरणोत्सारी नव्हे. त्या सुमारास जन्मलेल्या पेशींच्या हिमोग्लोबिनमध्ये तो बसला. मग शेमिन आपलंच रक्त काढून तपासत राहिले, खूण उतरेपर्यंत. आयुष्य निघालं सरासरी १२७ दिवस.

किरणोत्सारी क्रोमियम-५१ ची पद्धत १९५० मध्ये आली. रुग्णाच्या थोड्या रक्तात ते मिसळतात, ते पेशीत शिरून हिमोग्लोबिनला चिकटतं. रक्त परत शिरेतून देतात आणि दोन-तीन आठवडे नमुने मोजतात. मात्रा अगदी अल्प असते.

सगळ्यात मोठी चूक होते ती निकाल वाचताना. ‘अर्धायुष्य २८ दिवस’ हे शब्द वाचून निम्म्या पेशी महिन्याभरात मेल्या, असं वाटतं. प्रत्यक्षात निरोगी माणसाचा आकडा २५ ते ३५ असाच येतो. इथे खूण सगळ्या वयांच्या पेशींवर असते, म्हणून निम्म्या पेशी जायला साठ दिवस लागायला हवेत. पण रोज सुमारे एक टक्का क्रोमियम जिवंत पेशींतूनही गळतं, त्यामुळे आकडा खाली येतो. क्रोमियम-५१ चं स्वतःचं अर्धायुष्यही २७.७ दिवस आहे. तो निव्वळ योगायोग. ती घट हिशेबातून आधीच वगळलेली असते.

मग लोहाचीच खूण का करत नाहीत? कारण शरीर काटकसरी आहे. मेलेल्या पेशीतलं लोह ते नव्या पेशीत घालतं, आणि खूण पुसलीच जात नाही. सुटलेलं क्रोमियम मात्र दुसऱ्या पेशीत शिरत नाही, लघवीवाटे जातं.

रक्तपेढीच्या पिशवीवरची ३५ किंवा ४२ दिवसांची मुदतही अंदाजाने छापलेली नसते. साठवलेल्या पेशींवर क्रोमियमची खूण करून त्या दात्याच्याच शरीरात सोडतात. चोवीस तासांनी त्यातल्या सरासरी ७५ टक्के तरी रक्तात फिरत असाव्या लागतात.