खनिज इथले, भरभराट तिथली

भिलाईच्या हुडकोसारख्या वसाहतीत मराठी कानी पडते, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा भिलाई ज्या राज्यात होते त्याची राजधानी नागपूर होती. रविशंकर शुक्ल यांचे सरकार तेथूनच कारभार पाहत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि दुर्ग जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. नकाशावरची रेषा बदलली, तरी नोकरीसाठी विदर्भातून पूर्वेकडे जाणारी वाट बंद झाली नाही. ही वाट निर्माण केली ती दल्ली-राजहराच्या डोंगरांतील लोहखनिजाने.

उद्योग कोठे उभा राहावा, हे प्रथम जमीन ठरवते. भिलाईपासून सुमारे ९० किलोमीटरवर दल्ली-राजहराच्या खाणी, जवळच नंदिनीचा चुनखडक, बिलासपूरकडे हिर्रीचा डोलोमाइट, कोरब्याची वीज आणि दारावरून जाणारा मुंबई-हावडा लोहमार्ग. एवढे सारे एकत्र आले म्हणून ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन होऊ शकले.

मात्र केवळ खनिज असून भागत नाही. १८८२ मध्ये चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील लोहखनिजासंबंधीचा एक अहवाल जमशेटजी टाटा यांच्या वाचनात आला. खनिज उत्तम होते. पण वरोऱ्याचा कोळसा लोखंड गाळण्यास योग्य ठरला नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी दोराबजी टाटा यांनी नागपूरच्या संग्रहालयातील भूगर्भीय नकाशात दुर्ग जिल्ह्यातील लोहखनिजाच्या खुणा पाहिल्या आणि शोधपथक दल्ली-राजहरापर्यंत पोहोचले. तेथेही पाणी आणि कोळसा यांचे गणित जुळले नाही. अखेर कारखाना गेला तो सुवर्णरेखा व खरकाई या नद्यांच्या संगमाजवळ, आजच्या जमशेदपूरला. पुढे अर्ध्या शतकानंतर भिलाईची तहान भागवली ती तांदुला जलाशयाने, जो मुळात शेतीच्या सिंचनासाठी बांधला गेला होता. भट्टीला पाणी बाराही महिने लागते आणि येथे पाऊस पडतो तो चार महिने. त्यामुळे पावसाने ओढ दिली की धानाचे शेत आणि कारखाना एकाच जलाशयाकडे डोळे लावून बसतात.

कापसाची कथा याहून निराळी नाही. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीने कापूस दिला. मात्र गिरण्या प्रामुख्याने वाढल्या त्या मुंबईत. बंदर, भांडवल आणि सूत तुटू न देणारी दमट हवा हे त्या शहराचे बळ होते. १८७७ मध्ये नागपूरला एम्प्रेस मिल सुरू करून टाटांनी कापसाच्या दारी गिरणी नेली खरी; पण तेथील कोरड्या हवेत कृत्रिम दमटपणा आणावा लागला. हवामानाची उणीव तंत्राने भरून काढता येते, हा त्या प्रयोगाचा धडा होता.

निसर्गाने दिलेला लाभ मात्र धोरणाने काढून घेता येतो, याचा धडा दिला तो दिल्लीने. १९५० च्या दशकात आलेल्या मालवाहतूक भाडे समानीकरणाच्या धोरणामुळे पोलाद देशभर जवळपास एकाच दराने मिळू लागले. खाणीशेजारी कारखाना काढण्याचा किफायतशीरपणाच त्यामुळे संपला. पोलादावर प्रक्रिया करणारे उद्योग बाजारपेठ आणि बंदर असलेल्या पश्चिम भारताकडे वळले. कापसाला मात्र अशी सवलत नव्हती. मुंबई-पुण्याच्या अभियांत्रिकी उद्योगांच्या भरभराटीत भांडवलाचा आणि कौशल्याचा वाटा मोठा आहेच; पण त्यात खनिजसंपन्न पूर्व व मध्य भारताने सोडलेल्या हक्काचाही अंश आहे, हे महाराष्ट्राने मोकळेपणाने मान्य करावयास हवे. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी पोलादावरील हे धोरण संपले, तोवर उद्योगांची मांडणी पक्की झाली होती. भिलाई देशाला लोहमार्गाचे रूळ पुरवत राहिली, आणि तिच्याभोवती जितके उद्योग उभे राहावयास हवे होते तितके राहिले नाहीत.

आता दल्ली-राजहराच्या खाणी ओसरत चालल्या आहेत. कारखान्याची भिस्त बस्तरच्या उंबरठ्यावरील रावघाटवर आहे आणि तेथे जंगल व आदिवासींचे हक्क यांचा प्रश्न उभा आहे. सत्तर वर्षांपूर्वी हे प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. आज कायद्याने ती आहे. २०१५ मध्ये संसदेने खनिज कायद्यात दुरुस्ती करून खाणग्रस्त भागांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानांची तरतूद केली. २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने खनिज हक्कांवर कर बसवण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. प्रश्न एवढाच, की हा पैसा राज्याच्या तिजोरीत मुरणार, की खाणीशेजारच्या गावात शाळा, पाणी आणि रोजगार होऊन उतरणार?

हा प्रश्न केवळ छत्तीसगडचा नाही. ज्या जुन्या चांदा जिल्ह्याने एकेकाळी टाटांना खुणावले, त्याच्याच पोटातून १९८२ मध्ये वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत आज सुरजागडचे लोहखनिज निघते आहे. भिलाईला मिळालेला धडा महाराष्ट्राला फुकट मिळणार आहे; अट एकच, तो वेळीच वाचावा. खनिज एकदाच निघते. डोंगर रिकामा झाल्यावर मागे काय उरावे, याचा निर्णय तो भरलेला असतानाच घ्यावा लागतो आणि तो घेण्याची जागा खाणीत नसून विधिमंडळात आणि संसदेत आहे.