पाण्यावरून उडणारे विमान आणि वाऱ्याचे झोत

हैदराबादच्या विद्यानगरपासून हुसेनसागर तलाव काही किलोमीटरवर आहे. ऐन पावसाळ्यात, जुलैच्या सुमारास, तिथे शिडाच्या होड्यांच्या शर्यती भरतात, कारण तलावावर तेव्हाच भरपूर वारा असतो. वाऱ्याचा झोत जिथे पाण्याला टेकतो तिथला पट्टा काळपट, सुरकुतलेला दिसतो. मुरलेला खेळाडू तो पाहून आधीच सावध होतो. तरीही होडी उलटलीच, तर ती सरळ करून पुन्हा चढता येते. फ्लोटवरच्या विमानाला ही सोय नाही.

हे विमान आता आपल्या भागाला अनोळखी राहिलेले नाही. 9 नोव्हेंबर 2024 रोजी विजयवाड्याच्या प्रकाशम बॅरेजवरून ट्विन ऑटर विमान प्रात्यक्षिक म्हणून श्रीशैलमला गेले. आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू त्यात बसले होते. प्रादेशिक हवाई सेवेच्या उडान योजनेत नागार्जुनसागरचेही नाव आले. महाराष्ट्राने हा प्रयोग त्याआधीच केला होता. 2014 मध्ये जुहूहून पवना धरणाकडे अशी विमाने गेली, पण ती सेवा टिकली नाही.

चाकांच्या जागी दोन लांबट, पोकळ फ्लोट ही या यंत्राची ओळख. फ्लोटच्या पोटात पाणी शिरू न देणारे निदान चार कप्पे असतात, म्हणजे एक फुटला तरी विमान बुडत नाही. दोन्ही फ्लोटनी मिळून विमानाच्या कमाल वजनाच्या 180 टक्के भार पेलावा, असा नियम आहे. आकडा ऐकून धीर येतो. पण दोघांत वाटणी केली की प्रत्येकाच्या वाट्याला 90 टक्केच येतात. थोडक्यात, सगळे वजन एकाच फ्लोटवर आले तर तो पाण्याखाली जातो. आणि आडवा झोत नेमके हेच करतो. तो वाऱ्याकडचा पंख उचलतो, पलीकडचा फ्लोट दाबतो, तिकडच्या पंखाचे टोक पाण्याला लागते आणि विमान कलंडते.

इंजिन सुरू झाले की विमान पाण्यावर सरकू लागते. त्याला ब्रेक नसतो. शेपटीवर वारा बसला की नाक आपोआप वाऱ्याकडे वळते. वेगात असताना वारा पाठीवर घेऊन चाललेले विमान वाऱ्याकडे वळवणे सर्वांत धोक्याचे, कारण वळणाचा जोर आणि वाऱ्याचा जोर एकाच बाजूला ढकलतात. उड्डाणाच्या धावेत आधी नाक वर उचलले जाते, पाण्याची ओढ वाढते आणि वैमानिकाला समोरचे नीट दिसत नाही. मग फ्लोट पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरू लागतात. तेवढ्यात झोत आला तर विमान पुरेसा वेग येण्याआधीच हवेत उठते. झोत ओसरताच ते लाटेवर आपटते आणि फ्लोटचे टोक पाण्यात रुतू शकते.

गंमत अशी की वारा मुळीच नसणेही गैरसोयीचे. आरशासारखे पाणी फ्लोटला चिकटून धरते, हलकी लहर असली की तो लवकर सुटतो. वैमानिकाला वारा हवा असतो, पण एकसारखा आणि समोरून. डोंगरांनी वेढलेल्या जलाशयात नेमका तोच मिळणे अवघड. पवना असो वा श्रीशैलम, कड्यांवर आपटलेला वारा कुठून वळेल याचा नेम नसतो.

7 जानेवारी 2025 रोजी ऑस्ट्रेलियातील रॉटनेस्ट बेटाजवळ सेसना कॅराव्हॅन हे असेच फ्लोटचे विमान उड्डाण घेतानाच पाण्यात कोसळले. आतल्या सात जणांपैकी तिघे दगावले. त्या दिवशी वारा जोराचा होता.

आपल्याकडे ही सेवा रुळायची असेल तर जेटीच्या उद्घाटनाआधी तीन गोष्टी ठरल्या पाहिजेत: पाण्यावरच वारा मोजणारे यंत्र, उड्डाणासाठी वाऱ्याची ठाम मर्यादा आणि तयार उभी बचाव-बोट. प्रवाशांनीही तिकिटाबरोबर काही पथ्ये पाळावीत. बसताच जवळचे दार कुठे आहे ते पाहून ठेवा. जीवरक्षक जाकीट अंगात घाला, पण आत बसून फुगवू नका. विमान उलटून आत पाणी भरले तर फुगलेले जाकीट वर ढकलते आणि दारापर्यंत पोहोचू देत नाही. आणि वैमानिक “आज नाही” म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका.