पेलेट घेताना पोत्याचा तळ बघा

अमेरिकेच्या ईशान्य भागात, म्हणजे व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर, मेन या पट्ट्यात, थंडीची बेगमी उन्हाळ्यातच सुरू होते. घरी पेलेट स्टोव्ह असेल तर ही बेगमी म्हणजे लाकडी पेलेटची पोती. एक पोतं 40 पौंडांचं, साधारण 18 किलोचं, आणि अशा 50 पोत्यांचा तिथला एक टन. दुकानात सगळी पोती सारखीच दिसतात आणि जवळजवळ प्रत्येकावर 'प्रीमियम' छापलेलं असतं. मग निवड करायची कशावर?

आधी राख विचारा

पेलेट म्हणजे वाळवलेला भुसा प्रचंड दाबाखाली साच्याच्या भोकांतून काढलेला. त्यात सहसा गोंद घालावा लागत नाही. दाबाच्या उष्णतेने लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि तेच भुसा धरून ठेवतं. शुद्ध लाकडाची राख अगदी थोडी पडते. ती वाढते सालीमुळे आणि मालात मिसळलेल्या माती-वाळूमुळे.

हिवाळ्यात दोन टन, म्हणजे सुमारे 1800 किलो पेलेट जाळले, तर अर्धा टक्का राखेच्या मालातून 9 किलो राख निघेल, एक टक्क्याच्या मालातून 18 किलो. उपसायची कोणी, हा घरातला प्रश्न. पण स्टोव्हचं दुखणं वेगळंच असतं. राख वितळून बर्न पॉटमध्ये, म्हणजे पेलेट जळतात त्या भांड्यात, तिचे काचेसारखे खडे होतात. त्यांना तिकडे क्लिंकर म्हणतात. त्यांनी हवेची भोकं बुजली की ज्योत मंद, पिवळी होते, काच काळी पडते आणि शेवटी स्टोव्ह बंद पडतो.

नुसत्या 'प्रीमियम'ला अर्थ नाही

शब्द कोणीही छापू शकतो. बघायचा तो पेलेट फ्युएल्स इन्स्टिट्यूटचा, म्हणजे पीएफआयचा, दर्जाचा शिक्का. त्यांच्या प्रीमियम वर्गात राख जास्तीत जास्त 1 टक्का, ओलावा 8 टक्के आणि भुकटी अर्धा टक्का चालते. युरोपात एनप्लस ए1 हा शिक्का शोधावा. तिथे राखेची मर्यादा 0.7 टक्के, म्हणजे जास्त कडक. ओलावा मात्र 10 टक्क्यांपर्यंत चालतो. जर्मनीत किंवा ऑस्ट्रियात राहणाऱ्यांना ही पोती 15 किलोची मिळतात.

पाइनची भीती नको

'पाइन जाळलं की धुराडं चिकट होतं' हे ऐकलेलं असतं. ओल्या ओंडक्यांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे, पण पेलेटचं लाकूड आधीच वाळवलेलं असतं. उलट पाइन, स्प्रूस, डग्लस फर यांच्यात राळ असल्यामुळे किलोमागे थोडी जास्तच उष्णता मिळते. डग्लस फरचे पेलेट कमी राखेसाठी नावाजलेले आहेत; मात्र ते पश्चिम किनाऱ्याकडून येतात, त्यामुळे पूर्वेकडे वाहतूकखर्च अंगावर पडतो. रंगावरून तर काहीच ठरवू नये.

एक पोतं फोडा

टनाची मागणी देण्याआधी दोन-तीन छापांची एकेक-दोनदोन पोती आणा. पोतं हॉपरमध्ये, म्हणजे स्टोव्हच्या पेलेट भरायच्या टाकीत, रिकामं करताना तळाशी काय उरतं ते बघा. मूठभर भुकटी चालेल; ओंजळी भरू लागल्या तर तो माल नको. ही भुकटी ऑगरमध्ये, म्हणजे पेलेट पुढे ढकलणाऱ्या मळसूत्रात, साचून बसते. दीड इंचाहून लांब तुकडे हॉपरच्या तोंडाशी आडवे अडकतात. चांगल्या पेलेटवर तुकतुकी असते आणि तो पाण्यात टाकला की बुडतो. पण खरी परीक्षा जाळूनच. प्रत्येक छापाच्या वेळी बर्न पॉट आणि काच साफ करा, स्टोव्ह त्याच पातळीवर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पॉटमध्ये किती खडे झाले ते पाहा.

ओल लागू देऊ नका

पाणी लागलेला पेलेट फुगून परत भुसा होतो, मग तो वाळवूनही उपयोग नाही. पोत्यांना बहुधा बारीक छिद्रं असतात, म्हणून दुकानाबाहेर पावसात उभा असलेला मागच्या मोसमाचा माल स्वस्त असला तरी टाळावा. गॅरेजमध्येही पोती थेट काँक्रीटवर न ठेवता फळ्यांवर रचावीत. ज्यांच्याकडे पेलेट सुटे, बंद खोलीत साठवतात, त्यांनी आत शिरण्याआधी ती खोली नीट हवेशीर करावी. साठवलेल्या पेलेटमधून विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो आणि त्याला वास नसतो.

बॉयलरचे पेलेट वेगळे

आपल्याकडे महाराष्ट्रात सोयाबीनचं कुटार, पऱ्हाटी असा शेतातला काडीकचरा दाबून केलेले पेलेट कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जातात. त्यांची राख लाकडापेक्षा बरीच जास्त असते, आणि काडीकचऱ्यात पोटॅशियम अधिक असल्यामुळे ती कमी तापमानाला वितळते. मोठ्या भट्टीला ते झेपतं. घरगुती स्टोव्हचा लहानसा बर्न पॉट मात्र क्लिंकरने लवकरच बुजेल.