हाडाच्या कर्करोगावरील औषध-संशोधन : संदर्भ जनुकांची पारख

औषधनिर्मात्यांच्या माहितीपत्रकांत हळद, अश्वगंधा आदी द्रव्यांवरील प्रयोगशालेय संशोधनाचे दाखले आपल्या वाचनात येतात. ‘अमुक अर्काने कर्करोगाच्या पेशींतील तमुक जनुकाचे कार्य निम्म्यावर आले’ असे वाचून समाधानही वाटते. परंतु हे ‘निम्मे’ कशाच्या तुलनेत, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

अस्थिकर्करोगाचा ‘ऑस्टिओसार्कोमा’ हा प्रकार विशेषतः किशोरवयात, बहुधा गुडघ्यालगतच्या हाडांत उद्भवतो. त्यावरील द्रव्यांची प्राथमिक परीक्षा ‘एम.जी.-६३’, ‘साओस-२’ यांसारख्या मानवी पेशीवंशांवर होते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून देशभरातील संशोधकांना पेशीवंश पुरविले जातात.

जनुक कार्यरत झाले की त्याच्या आर.एन.ए. प्रती निर्माण होतात. त्यांपासून डी.एन.ए. बनवून पी.सी.आर. यंत्रात तो दर आवर्तनास जवळजवळ दुप्पट केला जातो. ठरावीक पातळी जितक्या कमी आवर्तनांत गाठली जाईल, तितक्या मूळ प्रती अधिक. नमुन्यांतील आर.एन.ए. कमीअधिक असू शकतो. म्हणून औषधाने न बदलणारे एक ‘संदर्भ जनुक’ सोबत मोजतात. ते म्हणजे तराजूतील वजनच होय.

वजनच खोटे असेल तर? समजा, औषधापूर्वी संदर्भ जनुकास १८ व अभ्यासाच्या जनुकास २५ आवर्तने लागली, अंतर ७. औषधानंतर अभ्यासाचे जनुक २५ वरच राहिले, परंतु औषधाने संदर्भ जनुकाचेच कार्य दुप्पट होऊन ते १७ वर आले. अंतर ८ झाले, आणि मुळीच न बदललेले जनुक कागदावर निम्मे दिसू लागले!

ही भीती निराधार नाही. सर्वाधिक वापरले जाणारे ‘जी.ए.पी.डी.एच.’ हे जनुक शर्करेच्या विघटनाशी निगडित आहे, आणि कर्करोगपेशींत तेच विघटन वाढलेले असते. प्राणवायूच्या अभावीही हे जनुक वाढते. ‘बीटा-ॲक्टिन’ पेशीच्या सांगाड्याचे जनुक असल्याने, पेशीचा आकार पालटविणाऱ्या औषधाने तेही बदलू शकते.

यावर उपाय आहेत. २००२ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी ‘जीनॉर्म’ ही पद्धती मांडली. तीत अनेक जनुके तपासून सर्वांत स्थिर निवडतात व किमान तिघांची भूमितीय सरासरी घेतात. २००९ च्या ‘मिक्वी’ मार्गदर्शक सूत्रांनीही, पुराव्याविना एकाच संदर्भ जनुकावर विसंबू नये असे सांगितले. एका पेशीवंशात स्थिर ठरलेले जनुक दुसऱ्यात, वा दुसऱ्या औषधासमोर, स्थिर राहीलच असे नाही.

म्हणून कोणताही शोधनिबंध हाती येताच तीन प्रश्न विचारावेत : संदर्भ जनुके किती व कोणती? त्यांची स्थिरता त्याच पेशीवंशात, त्याच औषधासह तपासली काय? प्रयोगाची स्वतंत्र पुनरावृत्ती झाली काय?

आणि उत्तरे समाधानकारक असली तरी पेशींवरील परिणाम म्हणजे रुग्णावरील उपचार नव्हे. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय अधिनियमान्वये कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींस मनाई आहेच. त्याहून महत्त्वाचे हे की, अशा दाव्यावर विसंबून एखाद्या किशोराची शस्त्रक्रिया व रसायनोपचार लांबले, तर तो काळ परत मिळत नाही. द्रव्यपरीक्षेचा आग्रह धरणाऱ्या आपण वैद्यांनी व औषधनिर्मात्यांनी मापांचीही परीक्षा करावी, हेच आमचे निवेदन.