पेशींची पानगळ

शिशिर ऋतू सरत आला म्हणजे पिंपळाची पाने पिवळी पडून गळू लागतात. वारा पडलेला असला तरी एखादे पान देठापासून अलगद सुटते आणि भुईवर येते. ह्याच झाडाची एखादी हिरवी फांदी वादळात मोडून लोंबत राहिली, तर तिची पाने वाळतात, परंतु पुष्कळ दिवस फांदीलाच चिकटून राहतात. असे का व्हावे? कारण पान गळणे म्हणजे केवळ पान मरणे नव्हे. गळण्यापूर्वी देठाच्या तळाशी नाजूक पेशींचा एक पातळ थर तयार होतो व तेथून पान सुटते. हे काम जिवंत फांदीच करू शकते.

मुलांनो, अशीच एक पानगळ तुमच्या-आमच्या शरीरातही अहोरात्र चालू असते. घर जसे विटांचे, तसे शरीर पेशींचे, हे तुम्ही शिकला आहात. परंतु भिंतीतील वीट वर्षानुवर्षे तीच राहते, पेशींचे तसे नाही. दररोज आपल्या शरीरातील अब्जावधी पेशी मरतात आणि त्यांची जागा नव्या पेशी घेतात. आईच्या उदरात असताना बाळाचा हात प्रथम वल्ह्यासारखा चपटा असतो. बोटांच्या मधल्या पेशी ठरल्या वेळी मरतात, तेव्हा कोठे पाच बोटे सुटी होतात. बेडूकमाशाची शेपटी नाहीशी होते, तीही ह्याच रीतीने. मूर्तिकार दगडाचा नको तेवढा भाग काढून टाकतो आणि मूर्ती घडवतो, तसाच हा प्रकार होय.

ह्या मृत्यूकडे शास्त्रज्ञांचे लक्ष कसे गेले, ती हकीकत मनोरंजक आहे. ऑस्ट्रेलियातील जॉन कर हे १९६० नंतरच्या दशकात लंडन येथे उंदरांच्या यकृताचा अभ्यास करीत होते. सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहता त्यांस पेशी दोन प्रकारांनी मरताना दिसल्या. काही पेशी फुगत व फुटत. त्यांतील द्रव्य भोवताली सांडे आणि तो भाग सुजे. हा अपघाती मृत्यू. दुसऱ्या पेशी मात्र मुकाट्याने आक्रसत. त्यांचे केंद्रक घट्ट होऊन तुटे, पेशीचे लहान लहान तुकडे होत आणि शेजारच्या पेशी ते तुकडे गिळून टाकीत. मागे सूज नाही, कचरा नाही. पुढे स्कॉटलंडमधील ॲबर्डीन विद्यापीठातील अँड्रयू वायली व अ‍ॅलिस्टर करी यांच्यासह त्यांनी १९७२ साली एक निबंध प्रसिद्ध केला. ह्या मृत्यूस नाव कोणते द्यावे? तेथील ग्रीक भाषेचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी ‘ॲपॉप्टोसिस’ हा शब्द सुचवला. झाडाची पाने किंवा फुलाच्या पाकळ्या गळणे, असा त्याचा अर्थ आहे. आपण त्यास ‘नियोजित पेशीमृत्यू’ म्हणतो.

पेशीस मन नसते. मग मरण्याची वेळ झाली हे तिला कोण सांगते? ती सूचना तिच्या केंद्रकातील जनुकांत लिहिलेली असते. त्यांपैकी पी-५३ नावाच्या जनुकाचे काम पहारेकऱ्यासारखे आहे. पेशीतील जनुकद्रव्यास इजा झाली, तर त्या जनुकापासून बनणारे प्रथिन पेशीचे विभाजन थांबवते आणि दुरुस्तीस अवधी देते. इजा दुरुस्त होण्याजोगी नसेल, तर ते पेशीस मृत्यूच्या मार्गास लावते. अशा रीतीने बिघडलेली एक पेशी जाते आणि सारे शरीर वाचते. माणसाच्या जवळजवळ निम्म्या कर्करोगांत हा पहारेकरीच निकामी झालेला आढळतो.

कर्करोग म्हणजे पेशींची बेसुमार वाढ, हे तुम्ही ऐकले असेल. ते खरे आहे, परंतु ती हकीकत अर्धीच आहे. गणितात तुम्ही हौदाची उदाहरणे सोडवली आहेत. हौदात येणारे पाणी वाढले तर हौद भरून वाहतो. परंतु नळ नेहमीइतकाच वाहत असून पाणी जाण्याची वाट बुजली, तरीही तो भरून वाहणारच! १९८८ साली मेलबर्न येथे डेव्हिड व्हॉक्स, सुझॅन कोरी व जेरी ॲडम्स यांनी नेमकी हीच गोष्ट दाखवून दिली. लसिका ग्रंथींच्या एका कर्करोगात बीसीएल-२ नावाचे जनुक बिघडलेले आढळले होते. ते जनुक त्यांनी रक्तपेशींत घातले आणि त्या पेशींस जगण्यासाठी लागणारे द्रव्य काढून घेतले. साध्या पेशी मरून गेल्या. हे जनुक घातलेल्या पेशी वाढल्या नाहीत, पण मेल्याही नाहीत. त्या नुसत्या जगत राहिल्या. पेशीस मरण्यापासून अडवणारे जनुकही कर्करोगास हातभार लावते, हे ह्या प्रयोगाने स्पष्ट झाले.

रोगाची रीत कळली म्हणजे उपायाची दिशा दिसते. किरणोपचार आणि कर्करोगावरील पुष्कळ औषधे पेशींस इजा करून त्यांना ह्याच मृत्यूकडे लोटतात. परंतु जिची मरण्याची यंत्रणाच मोडली आहे, ती पेशी अशा उपायांस दाद देत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी ती अडवणूकच दूर करण्याचा मार्ग शोधला. बीसीएल-२ ह्या प्रथिनास जखडून ठेवणाऱ्या व्हेनेटोक्लॅक्स नावाच्या औषधास २०१६ साली अमेरिकेत रक्ताच्या एका कर्करोगासाठी मान्यता मिळाली. त्याने रोगट पेशींच्या मृत्यूची बुजलेली वाट पुन्हा मोकळी होते. हे औषध सर्व कर्करोगांवर चालत नाही. तरीसुद्धा ज्या रुग्णांस ते लागू पडते, त्यांच्या घरी त्याचे मोल केवढे असेल!

तुमच्यापैकी कोणाच्या घरी किंवा शेजारी ह्या रोगाने आजारी असलेले माणूस असेल. त्याच्याजवळ बसण्यास भिऊ नका. कर्करोग हा स्पर्शाने पसरत नाही, आणि तो कोणाच्या पापाचे फळही नव्हे. मात्र तंबाखूसारखे पदार्थ पेशींतील जनुकांस इजा करतात, म्हणून त्यांपासून आयुष्यभर दूर राहणे हे आपल्या हाती आहे.

कर्करोगाची पेशी मरत नाही, म्हणून ती फार बलवान आहे असे पुष्कळांस वाटते. मोडक्या फांदीवर पाने चिकटून राहतात, ते त्या फांदीचे बळ म्हणावे काय? वेळ आली असता पान सोडून देणे, हे जिवंत झाडासच साधते. पिंपळाखालून जाताना तुमच्या पुढ्यात पिवळे पान येऊन पडले, तर क्षणभर थांबा आणि वर पाहा. त्याच फांदीवर तांबूस कोवळी पालवी फुटू लागलेली दिसेल.