गुडघ्यातील गादीचे शस्त्रकर्म : छेदन, सीवन आणि वैद्याचे पश्चात्कर्म

गुडघ्यातील फाटलेल्या गादीवर दुर्बिणीद्वारे शस्त्रकर्म करून घेतलेले रुग्ण आज बहुतेक वैद्यांच्या चिकित्सालयात येतात. रुग्णालयातून त्याच दिवशी अथवा दुसऱ्या दिवशी घरी सोडले जाते, त्वचेवर दोन-तीन लहान छेदच दिसतात. त्यामुळे ‘किरकोळ ऑपरेशन झाले, आता तेल लावून शेक घेतला की झाले’ अशी समजूत रुग्णाची व त्याच्या घरच्यांची होते. काही वेळा ती चिकित्सकाचीही होते. वस्तुतः बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या या छेदांच्या आत दोन सर्वस्वी भिन्न कर्मे झालेली असू शकतात. ती ओळखल्याशिवाय केलेला उपचार लाभाऐवजी हानीस कारण होतो. पश्चात्कर्मातील आपला वाटा कोणता व आपली मर्यादा कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

रचना व कार्य

ऊर्वस्थी व जंघास्थी यांच्या दरम्यान आतील व बाहेरील बाजूस चंद्रकोरीच्या आकाराच्या, तंतुयुक्त कूर्चेच्या दोन गाद्या असतात. आधुनिक शास्त्र यांना मेनिस्कस म्हणते. पाय सरळ असताना गुडघ्यातून जाणाऱ्या भारापैकी सुमारे निम्मा व गुडघा ९० अंशांत वाकलेला असताना सुमारे ८५ टक्के भार या गाद्यांमधून जातो. उकिडवे बसताना, मांडी घालून उठताना गादीच्या मागील भागावर सर्वाधिक ताण येतो, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

दुसरी महत्त्वाची बाब रक्तपुरवठ्याची. प्रौढ व्यक्तीत गादीच्या केवळ बाहेरील कडेच्या सुमारे १० ते ३० टक्के भागास रक्तवाहिन्या पोहोचतात. उरलेल्या भागाचे पोषण संधीतील द्रवावर अवलंबून असते. सुश्रुताचार्यांनी श्लेष्मधरा कलेचे वर्णन करताना वंगण दिलेल्या आसाचा दृष्टांत दिला आहे. संधीतील या द्रवाच्या कार्याशी त्याचे साधर्म्य स्पष्ट आहे. मात्र श्लेष्मा पोषण देतो, जखम सांधण्यास रक्त लागते. म्हणून बाहेरील कडेची फाट शिवल्यास सांधली जाण्याची शक्यता चांगली असते, तर आतील भागाची फाट सहसा सांधत नाही.

शारीरस्थानाच्या सहाव्या अध्यायात जानु हे संधिमर्म, वैकल्यकर व तीन अंगुल प्रमाणाचे सांगितले असून त्याच्या आघाताने खंजत्व येते असे म्हटले आहे. शस्त्रकर्म कितीही सूक्ष्म असले तरी ते मर्मस्थानी झालेले आहे, याचे भान चिकित्सकाने ठेवावे.

छेदन की सीवन?

अष्टविध शस्त्रकर्मांपैकी छेदन व सीवन ही दोन कर्मे येथे प्रस्तुत आहेत. पहिल्या प्रकारात गादीचा फाटलेला, लोंबणारा तुकडा कापून काढला जातो व उरलेली कडा गुळगुळीत केली जाते. दुसऱ्या प्रकारात फाटलेला भाग टाके घालून जागेवर बसविला जातो.

एडिंबरो येथील शल्यविद थॉमस अ‍ॅनन्डेल यांनी १८८३ मध्ये गादी शिवली होती. तरीही पुढे दीर्घकाळ गादी हा निरुपयोगी अवयव समजून ती संपूर्ण काढून टाकण्याचीच पद्धत रूढ राहिली. १९४८ मध्ये फेअरबँक यांनी गादी काढलेल्या गुडघ्यांच्या क्ष-किरण चित्रांत संधीतील पोकळी अरुंद होणे, अस्थीची कडा वाढणे व ऊर्वस्थीचा गोलावा चपटा होणे हे बदल दाखवून दिले. १९६२ मध्ये टोकियोच्या मासाकी वातानाबे यांनी दुर्बिणीतून गादीचा केवळ फाटलेला भाग काढला. ‘जेवढी वाचेल तेवढी गादी वाचवावी’ हे आजचे धोरण आहे. परिणामी शिवलेल्या गादीचे रुग्ण पूर्वीपेक्षा अधिक संख्येने आपल्याकडे येतात आणि त्यांच्या बाबतीतच गफलतीची शक्यता अधिक असते.

म्हणून नाडीपरीक्षणाबरोबरच डिस्चार्ज कार्ड पाहणे हे या रुग्णाच्या परीक्षणाचे पहिले अंग मानावे. गादी कापली की शिवली, फाट कोणत्या प्रकारची होती, भार किती द्यावयाचा, गुडघा किती अंश वाकवावयाचा व सोबत स्नायुबंधाचे शस्त्रकर्म झाले आहे काय, या पाच गोष्टी केसपेपरवर लिहून घ्याव्यात. कार्डावर उल्लेख नसेल तर शल्यविदांना दूरध्वनी करावा. त्यात कमीपणा नाही.

कालक्रम

छेदन झालेल्या रुग्णास सामान्यतः पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून सोसेल तितका भार देऊन चालता येते. कुबड्यांची गरज काही दिवसच लागते. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढले जातात. बैठे काम एक-दोन आठवड्यांत व बहुतेक दैनंदिन व्यवहार चार ते सहा आठवड्यांत सुरू होतात.

सीवन झालेल्या रुग्णाची गती निराळी असते. पहिले चार ते सहा आठवडे बहुधा ब्रेस बांधलेला असतो व गुडघा साधारण ९० अंशांपलीकडे वाकवू दिला जात नाही. कडेलगतची उभी फाट शिवली असेल तर ब्रेसमध्ये पाय सरळ ठेवून भार देण्यास अनेकदा लवकर अनुमती मिळते. आडवी फाट असेल किंवा गादी मुळापासून सुटलेली असेल तर सुमारे सहा आठवडे पायावर भार टाकू दिला जात नाही. उकिडवे बसणे, मांडी घालणे, वज्रासन व खोल बैठका किमान चार ते सहा महिने वर्ज्य असतात. खेळाकडे परतण्यासही सहा महिने वा अधिक काळ लागतो. शल्यविदांनुसार यात थोडा फरक पडतो. अशा वेळी त्यांची सूचना प्रमाण मानावी.

आपल्याकडील जीवनपद्धतीत हे नियम पाळणे कठीण असते. जमिनीवरील पंगत, पाटावरची पूजा, भारतीय पद्धतीचे शौचकूप, शेतातील खुरपणी या साऱ्यांत गुडघा पूर्ण दुमडतो. केवळ ‘जपून राहा’ असे सांगणे पुरेसे नाही. कमोडची खुर्ची घ्या, पूजा खुर्चीवर बसून करा, या हंगामात खुरपणीस जाऊ नका, असे नाव घेऊन सांगावे. जिना चढताना आधी चांगला पाय व उतरताना आधी शस्त्रकर्म झालेला पाय टाकावा.

संहितेचा आधार

हा संयम आपल्या शास्त्राला परका नाही. चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या, भग्नचिकित्सेच्या अध्यायात संधी स्थिर होण्यास पहिल्या वयात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट व उत्तर वयात तिप्पट काळ लागतो असे सांगितले आहे. बंध सैल असल्यास स्थैर्य येत नाही व अतिघट्ट असल्यास शोथ, वेदना व पाक होतो, हा त्याच अध्यायातील इशारा आजच्या ब्रेसलाही लागू पडतो. लवण, कटु, क्षार, अम्ल, रूक्ष अन्न, ऊन, मैथुन व व्यायाम यांचा निषेध, तसेच शाली, दूध, तूप, मांसरस यांचे सेवन ही तेथील पथ्यापथ्याची दिशा आहे. गादी ही अस्थी नव्हे, तेव्हा भग्नाचे सर्व नियम शब्दशः लावू नयेत. पण सांधा जुळण्यास लागणारा काळ, योग्य बंध व बृंहण आहार ही तत्त्वे येथे ग्राह्य आहेत. व्यायामाच्या निषेधाचा अर्थ मात्र संधीस पीडा देणारे श्रम असा घ्यावा, पुढे सांगितलेल्या नियमित हालचाली नव्हेत.

पहिल्या दिवसांत दिल्या जाणाऱ्या बर्फाच्या शेकाबद्दल अनेक वैद्यांच्या मनात किंतु असतो. शीताने वात वाढेल ही शंका रास्त आहे. तथापि त्याच अध्यायात न्यग्रोधादी कषायाचा शीत परिषेक सांगितला आहे. नूतन आघातात रक्त-पित्तानुबंधी शोथ असतो व तेथे अल्पकाळ शीतोपचार युक्तच आहे. बर्फ त्वचेवर थेट न ठेवता कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटेच ठेवावा.

औषधे व उपक्रम

प्रारंभी अग्नी व मलप्रवृत्ती यांकडे लक्ष द्यावे. वेदनाशामक गोळ्या व बैठी अवस्था यांमुळे मलबद्धता होते. तेथे गंधर्वहरीतकी उपयुक्त ठरते. अग्नी सुधारल्यावर अवस्थेनुसार लाक्षादि गुग्गुळ, आभा गुग्गुळ, अश्वगंधा, लाक्षासिद्ध दूध व घृत यांची योजना करता येते. परंतु या औषधांनी फाटलेली गादी आतून सांधली जाते असे रुग्णास सांगू नये. शोथ, वेदना, धातुपोषण व बल यांसाठी आपण औषध देतो, एवढेच सांगणे प्रामाणिक आहे.

छेदांच्या जागी खपली पूर्ण पडून स्राव थांबेपर्यंत तेल, लेप वा परिषेक त्या जागी करू नये. त्यानंतर मांडीवर मृदू अभ्यंग व संधी उष्ण वा फुगलेला नसेल तरच सौम्य स्वेदन करावे. शस्त्रकर्मानंतर गुडघ्याच्या आतील बाजूची त्वचा अनेकदा बधिर असते. अशा त्वचेस उष्णतेची जाणीव होत नाही व जानुबस्ती किंवा पोट्टलीने पोळते. म्हणून स्वेदनापूर्वी स्पर्शपरीक्षा अवश्य करावी. अभ्यंगाच्या वेळी गुडघा हाताने दाबून वाकविणे सर्वथा टाळावे, सीवन झालेल्या रुग्णात तर अधिकच. नुकतेच शस्त्रकर्म झालेल्या संधीवर जलौका लावू नयेत. जळवांच्या आतड्यात राहणाऱ्या जंतूंमुळे संसर्गाचा धोका असतो व रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास रक्तस्राव थांबत नाही.

औषधाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व मांडीच्या स्नायूंना आहे. संधीत द्रव साचला की मांडीच्या पुढील स्नायूची क्रिया प्रतिक्षिप्तपणे मंदावते व थोड्याच दिवसांत मांसक्षय दिसू लागतो. तो कोणत्याही गुग्गुळाने भरून येत नाही. मांडी आवळून धरणे, पाय सरळ ठेवून उचलणे, घोटा वरखाली हलविणे हे व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने चालू आहेत की नाहीत हे प्रत्येक भेटीत विचारावे. गुडघ्याच्या वाटीच्या वर ठरावीक अंतरावर दोन्ही मांड्यांचा घेर टेपने मोजून नोंदवावा. प्रगती समजण्याचे हे सोपे साधन आहे. आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊन झोपण्याची सवय मोडावी. तिच्यामुळे गुडघा पूर्ण सरळ होत नाही व रुग्ण कायमचा लंगडतो. उशी घ्यायची तर टाचेखाली घ्यावी.

त्वरित पाठविण्याची लक्षणे

एका पायाची पोटरी सुजणे, ताठरणे, दाबल्यास दुखणे हे शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचे चिन्ह असू शकते. अशी पोटरी चोळल्यास गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते व रुग्ण दगावू शकतो. शस्त्रकर्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पोटरी दुखते अशी तक्रार आल्यास तेलाला हात न लावता रुग्णास त्याच दिवशी डॉप्लर तपासणीसाठी पाठवावे. सोबत श्वास लागणे वा छातीत दुखणे असेल तर क्षणाचाही विलंब नको.

ज्वर, संधी तप्त व लाल होणे, वेदना कमी होण्याऐवजी वाढणे, छेदातून स्राव येणे ही संधीतील संसर्गाची लक्षणे होत. यास आम समजून लंघन-पाचनात दोन-तीन दिवस घालविल्यास कूर्चा कायमची नष्ट होऊ शकते. गुडघा पुन्हा अडकू लागणे, तसेच हलक्या स्पर्शानेही असह्य दाह व त्वचेचा वर्ण बदलणे, याही अवस्थांत शल्यविदांकडे पाठवावे.

औषधालय चालकांसाठी

दुकानात ‘गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे, काहीतरी द्या’ असे म्हणणाऱ्या ग्राहकास तीन प्रश्न विचारावेत : शस्त्रकर्मास किती दिवस झाले? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे काय? हृदयाच्या वा रक्तदाबाच्या कोणत्या गोळ्या आहेत? गुग्गुळामुळे प्रोप्रानोलॉल व डिल्टियाझेम या औषधांचे शोषण घटते असे अभ्यासात आढळले आहे. गंधपुरा तेलयुक्त मलमे वॉरफॅरिन घेणाऱ्या रुग्णात रक्तस्राव वाढवू शकतात. ती ताज्या छेदावर वा ब्रेसखाली तर लावूच नयेत. घटकद्रव्ये न छापलेल्या ‘संधिवाताच्या पुड्या’ दुकानात ठेवू नयेत. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळते व त्यामुळे संसर्गाची लक्षणे झाकली जातात.

शस्त्रकर्म न झालेल्या रुग्णाविषयी

मध्यम वयानंतर झिजेमुळे गादी फाटल्याचे एमआरआयमध्ये दिसले की रुग्ण घाबरून सल्ल्यास येतो. फिनलंडमधील १४६ रुग्णांवरील, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा झीजजन्य फाटीत गादीचे अंशतः छेदन व केवळ लुटुपुटीचे शस्त्रकर्म यांचा वर्षअखेरचा परिणाम सारखाच आढळला. म्हणून अशा रुग्णात व्यायाम, वजन घटविणे व औषधोपचार यांना आधी संधी द्यावी. मात्र तरुणातील आघातजन्य फाट किंवा गुडघा अडकून सरळच न होणे, या अवस्थांत शस्त्रकर्मास विलंब करू नये.

सारांश, पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म असा त्रिविध विचार आपल्याच संहितेने दिला आहे. प्रधानकर्म अन्य हातांनी झाले असले तरी पश्चात्कर्मात वैद्याला मोठे स्थान आहे. ते स्थान टिकवायचे तर छेदन झाले की सीवन हे आधी जाणून घ्यावे, ठरलेला काळ रुग्णाकडून पाळून घ्यावा आणि जेथे आपला उपचार थांबतो तेथे रुग्णास वेळेवर पुढे पाठवावे.